बारबोले बाईंची फेरपरीक्षा

"गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा पडलात?"

"एकदाही नाही," वाघमोडे सर म्हणाले.

त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मी प्लास्टरकडे बघितलं. त्यांनीही बघितलं, जणू ते कोणीतरी त्यांच्याकडे सांभाळायला दिलं होतं.

"सर, मग हे?"

"हे प्लास्टर आहे."

"ते कशामुळे?"

"पायरीवरून उतरलो. जरा लवकर उतरलो." त्यांनी डाव्या हाताने माझ्या वहीवर टकटक केली. "लिही. शून्य."

मी शून्य लिहिलं.

तेव्हा मी सातवीत होते. आता दहावीत आहे आणि कोणालाही काहीही विचारू शकते, पण तेव्हा एका घराची बेल वाजवायची म्हणजे आधी दाराबाहेर दहापर्यंत आकडे म्हणायला लागायचे. आणि घरं तेवीस होती. बार्शीतली आमची शिक्षक कॉलनी. सगळी घरं निवृत्त शिक्षकांची, आम्ही तेवढे भाड्याने राहणारे आणि शिक्षक नसलेले. आई हाडांच्या दवाखान्यात नर्स. रोज संध्याकाळी पाय धुता धुता सांगायची, "आज परत खुब्याचं हाड. न्हाणीत घसरल्या." दुसऱ्या दिवशी, "आज परत खुबा. पायपुसण्यात पाय अडकला." एकदा म्हणाली, "पडल्यावर सगळे येतात गं आमच्याकडे. पडायच्या आधी कोणी येत नाही."

मला वाटलं, हा तर विज्ञान प्रदर्शनाचा प्रोजेक्ट आहे. मी नाव दिलं, 'आपल्या कॉलनीत आता कोण पडणार?' आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी ते खोडून 'ज्येष्ठांची सुरक्षितता' असं केलं.

कॉलनीत पासष्टच्या वरची एकतीस माणसं होती. एकतीस जणांनी शून्य सांगितलं. चिवटे बाई म्हणाल्या, "पडले नाही गं, बसले. तिथे खुर्ची नव्हती, एवढंच." ढगे गुरुजींचं म्हणणं होतं की फरशी ओली होती, म्हणजे चूक फरशीची, मग ते त्यांच्या खात्यावर कसं धरायचं? मी म्हटलं, "बरं गुरुजी." शून्य.

मग मी प्रोजेक्टचा दुसरा भाग काढला. तो आईला दवाखान्यातल्या व्यायामवाल्या डॉक्टरांनी शिकवला होता. माणसाला खुर्चीत बसवायचं. तीन मीटरवर खडूने रेघ मारायची. 'तीन' म्हटलं की उठायचं, रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या आत झालं तर ठीक. जास्त लागले तर तो माणूस पडू शकतो, त्याची काळजी घ्यायची. आईच्या मोबाईलमध्ये स्टॉपवॉच होतं. सोपं काम.

पण मी पहिल्या घरात 'टेस्ट' हा शब्द वापरला.

संध्याकाळपर्यंत कॉलनीत कळलं की परीक्षा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वाघमोडे सरांनी (ते पी.टी.चे सर होते) बागेत मोफत वर्ग काढला. अठरा जण आले. प्रत्येकाने घरची खुर्ची आणली होती. सर प्लास्टर छातीशी धरून शिट्टी वाजवत होते आणि अठरा खुर्च्यांमधून अठरा निवृत्त शिक्षक उठत होते, बसत होते. ढगे गुरुजींनी मला गेटवर गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काशीद, वळताना डावीकडून वळायचं की उजवीकडून?"

"कुठूनही वळा, गुरुजी."

"असं कसं? काहीतरी अपेक्षित असेल ना?"

मी सांगितलं उजवीकडून. त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही.

चार दिवसांत मी एकतीस जणांची वेळ घेतली. शेवटचं घर बारबोले बाईंचं.

प्रमिला बारबोले बाई म्हणजे मुख्याध्यापिका. चौतीस वर्षं गणित शिकवलं. आमच्या कॉलनीतले निम्मे शिक्षक त्यांच्या हाताखाली होते आणि अजूनही त्यांच्यासमोर उभे राहिले की शर्टाची बटणं तपासायचे. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहायच्या. मुलगा उदय हैदराबादला. मी गेले तेव्हा त्या आधीच खुर्चीत बसलेल्या होत्या. आता माझ्याकडे हॉलतिकीट मागतात की काय असं मला वाटलं.

"पहिला प्रश्न परत विचार," त्या म्हणाल्या.

"गेल्या वर्षभरात तुम्ही किती—"

"शून्य."

त्यांनी स्वेटर घातला होता, मनगटापर्यंत. डिसेंबर होता, पण बार्शीत डिसेंबरच्या दुपारी दोनला कोणी स्वेटर घालत नाही. मी ते लिहिलं नाही, कारण वहीत तसा रकाना नव्हता.

"एक, दोन, तीन," मी म्हटलं.

बाई उठल्या. खुर्चीचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. आणि चालायचं सोडून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या. मी थांबले. घड्याळ थांबलं नाही.

"आज संकष्टी का गं?"

"माहीत नाही, बाई."

"परवा आहे," बाई म्हणाल्या, आणि मग चालल्या. ताठ, पट्टीने आखल्यासारख्या. रेघ, वळण, परत, बसल्या. एकोणीस पूर्णांक दोन सेकंद.

मी शेऱ्यात लिहिलं, 'मध्ये कॅलेंडर बघितले.'

आता माझी चूक सांगते. ती मी दुसऱ्या कुठल्या कॉलनीत केली नसती. पण जिथे तेवीसच्या तेवीस घरांत निकालपत्रकं तयार झाली, तिथे सात वर्षं राहून माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. परीक्षा झाली की निकाल लागतो. मी चार्टपेपर घेतला, स्केचपेनने वेलबुट्टी काढली आणि एकतीस नावं गुणानुक्रमे लिहिली. पहिला, वाघमोडे सर, सात पूर्णांक आठ सेकंद. समोर उत्तीर्ण, उत्तीर्ण, उत्तीर्ण. शेवटच्या सहा नावांसमोर लाल पेनने अनुत्तीर्ण. तो कागद गेटजवळच्या नोटीस बोर्डावर लावला.

काय गर्दी! एकमेकांचे चष्मे मागून वाचत होते. चिवटे बाई चौथ्या आल्या, त्यांनी पेढे वाटले. ढगे गुरुजींनी फेरतपासणीचा अर्ज दिला, लेखी, विषय-संदर्भासकट. चपलेचा अंगठा निघाल्यामुळे त्यांचे दोन सेकंद गेले होते. मी इतकी खुशीत होते की अर्ज प्रोजेक्टच्या फाईलला लावून टाकला.

एकतिसावं नाव बारबोले बाईंचं होतं. सगळे त्या नावापाशी आले की खोकत होते.

वाघमोडे सरांनी निकालाचा फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली सहा गुलाब. त्या ग्रुपवर बाहेरगावी असलेली सगळी मुलं-सुना-जावई होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना बाईंनी मला खिडकीतून हाक मारली.

"काशीद. आत ये."

मी चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या.

"निकाल तू लावलास."

"हो, बाई."

"बोर्डावर."

"हो."

"अक्षर चांगलं आहे." त्यांनी चष्मा पुसला. "उदयचा फोन आला होता. रविवारी गाडी घेऊन येतोय. मला न्यायला."

"किती दिवस जाणार?"

"दिवस नाही. कायमचं."

मी म्हटलं, "हैदराबाद छान आहे म्हणतात."

"चौदावा मजला आहे त्याचा. मी दोन महिने राहिलेय. खिडकीतून खाली माणूस मुंगीएवढा दिसतो. कोणाचं पोरगं शाळेला निघालंय, कोण दप्तर ओढत चाललंय, काही कळत नाही. दिवसभर मी लिफ्टचा आवाज ऐकायचे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी त्याला म्हटलं, परीक्षा एकदा घेऊन माणूस ठरत नाही. फेरपरीक्षा असते. रविवारी तुझ्यासमोर देते. बाराच्या आत आले तर मी इथे राहणार."

"आणि नाही आले तर?"

"तर मी बॅग भरणार. शब्द दिलाय."

"काका कबूल झाले?"

"त्याला वाटतंय मी आपोआप नापास होईन." बाई उठायला लागल्या. "आजपासून सराव. तुझी शाळा सुटली की यायचं."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मी पाच वाजता जायचे. हॉलमध्ये खडूची रेघ होतीच, बाईंनी ती पुसू दिली नव्हती. अठरा सेकंद. साडेसतरा. अठरा. बाईंचं चालणं उत्तम होतं. मी दुसऱ्या दिवशी नुसतं चालणं मोजलं तर साडेनऊ सेकंद आले, चिवटे बाईंच्या बरोबरीने. सगळा घोटाळा सुरुवातीला व्हायचा. उठल्या की त्या काहीतरी बघायला लागायच्या. कधी कॅलेंडर, कधी पंखा. गुरुवारी त्यांनी बंद टीव्ही बघितला.

"बाई, तुम्ही उठलं की लगेच चाला ना. बघायचं काही नाहीये तिथे."

"बरं. परत घे."

"एक, दोन, तीन."

बाई उठल्या आणि लगेच पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला त्या उजवीकडे कलल्या, एखादं कपाट कलावं तशा, अख्ख्या. मी पळत जाऊन मध्ये उभी राहिले. त्यांनी माझा खांदा धरला. माझ्या खांद्यावर पाच नखं उमटली होती, नंतर मी आरशात मोजली.

त्यांना खुर्चीत बसवलं. स्वेटरची बाही वर सरकली होती. मनगटापासून कोपरापर्यंत हात निळा, कडेला पिवळा.

"चक्कर येते?" मी विचारलं.

"मला? मी मुख्याध्यापिका होते."

"बाई."

त्या बाही खाली ओढत राहिल्या. ती आधीच खाली आली होती.

"उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते," त्या म्हणाल्या. "आठ-नऊ सेकंद. मग जाते. तेवढा वेळ कुठेतरी नजर लावून उभं राहिलं की पडत नाही. दोनदा विसरले. एकदा न्हाणीत, एकदा स्वयंपाकघरात."

"उदयकाकांना माहीत आहे?"

"सांगितलं असतं तर मी आज चौदाव्या मजल्यावर असते."

"आईला सांगू? माझ्या आईला?"

"तुझी आई काय करेल? दवाखान्यात नेईल. तिथले लोक काय करतील? जवळच्या माणसाला बोलवा म्हणतील." बाईंनी माझ्याकडे बघितलं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बघतात तसं नाही, शेजारी बसलेल्या मुलीकडे बघतात तसं. "काशीद, कोणाला सांगू नकोस."

मी म्हटलं, "नाही सांगणार, बाई."

मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. शुक्रवार आणि शनिवार मी आईच्या शेजारी बसून जेवले आणि भाजीत मीठ जास्त आहे यापलीकडे एक शब्द बोलले नाही.

रविवारी दहाला उदयकाका आले. उंच, थकलेले, शर्टाला इस्त्री नाही. डिकीतून दोन मोठ्या रिकाम्या बॅगा काढल्या आणि व्हरांड्यात ठेवल्या. रिकाम्या बॅगा उचलताना फार हलक्या दिसतात, मला ते बघवलं नाही. परीक्षा बघायला कॉलनी जमली होती. वाघमोडे सर शिट्टीसकट आले. आईला सुट्टी होती, तीही आली. तिला वाटत होतं की प्रोजेक्टचं काहीतरी आहे.

"तूच का ती वैभवी?" उदयकाकांनी विचारलं.

"हो, काका."

मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बरं केलंस निकाल लावलास. मला इथलं कोणी काही सांगत नाही. आईने फोन उचलला नाही की मीटिंगमध्ये समोरचा काय बोलतोय ते मला ऐकू येत नाही. तिला विचारलं की म्हणते, मी ठणठणीत आहे. वाघमोडे सरांना विचारलं की म्हणतात, बाई ठणठणीत आहेत." त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी प्लास्टरकडे बघितलं.

"सुरू करा," बाई खुर्चीतून म्हणाल्या.

सगळे भिंतीला टेकले. मी मोबाईल हातात घेतला.

"एक. दोन. तीन."

बाई उठल्या. खुर्चीचे हात धरून उभ्या राहिल्या. कॅलेंडरकडे बघितलं. माझं बोट बटणाच्या वर होतं आणि ते तिथेच राहिलं. कोणी माझ्या बोटाकडे बघत नव्हतं, सगळे बाईंकडे बघत होते. बाईंचे ओठ किंचित हलत होते. बाहेर कुठेतरी मिक्सर चालू होता. मग बाईंनी पाऊल उचललं आणि मी बटण दाबलं.

रेघ. वळण. परत. बसल्या.

"नऊ पूर्णांक चार!" मी ओरडले.

वाघमोडे सरांनी अशी शिट्टी फुंकली की बाहेरचा कुत्रा उठून उभा राहिला. टाळ्या झाल्या. ढगे गुरुजी म्हणाले, "उजवीकडून वळल्या, बघितलंत का?" उदयकाका सोफ्यावर बसले, खरं म्हणजे कोसळले, आणि चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "बरं झालं. बरं झालं, आई." त्यांना बाईंना न्यायचं होतं असं मला इतके दिवस वाटत होतं. आता त्यांच्याकडे बघून तसं वाटेना.

"काशीद," बाई म्हणाल्या. "मोबाईल दाखव."

मी दाखवला.

"नऊ पूर्णांक चार." त्यांनी मोबाईल परत दिला. "मी मनात मोजत होते. अठरा झाले."

टाळ्या थांबल्या.

"तू कुठून मोजलंस?"

"बाई..."

"कुठून?"

"कॅलेंडर बघून झाल्यावर," मी म्हटलं. माझा आवाज कोणालाच ऐकू गेला नसता, पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

"म्हणजे जवळजवळ नऊ सेकंदांचा ग्रेस. चौतीस वर्षांत मी अर्ध्या मार्काचा दिला नाही." बाई रागावलेल्या वाटत नव्हत्या. गणित फळ्यावर सोडवून दाखवावं तशा बोलत होत्या. "मला राहायला मिळावं म्हणून दिलास ना?"

मी मान हलवली.

"उद्या मी न्हाणीत पडले असते, काशीद. आणि कागदावर पास असते."

मला रडू आलं. बाईंनी मला रडू दिलं आणि उदयकाकांकडे वळल्या.

"उदय, मी नापास आहे. सहा महिन्यांत दोनदा पडले. एकदा न्हाणीत, एकदा स्वयंपाकघरात. तुला सांगितलं नाही." त्यांनी स्वेटरची बाही वर केली.

उदयकाकांनी हात बघितला. मग उठले आणि व्हरांड्याकडे निघाले. "बॅग भरतो. चल आई. तू शब्द दिलायस."

"बॅग मी भरते. शब्द दिलाय. पण त्याआधी एक विचारू?"

"काय?"

"नापास झालेल्या मुलाला आपण शाळेतून काढतो का?"

"आई, हे शाळेचं—"

"वाघमोडे, सातवीला गणितात ह्याला किती पडले होते?"

वाघमोडे सर सावधानमध्ये उभे राहिले. "चौतीस, बाई."

"पास कितीला?"

"पस्तीसला."

"अख्ख्या शाळेने सांगितलं, बाई, तुमचा स्वतःचा मुलगा आहे, एक मार्क सोडा. मी सोडला नाही. पण काढला का तुला शाळेतून? त्याच वर्गात बसवला. रोज संध्याकाळी समोर घेऊन बसले. पुढच्या वर्षी किती पडले?"

उदयकाकांनी बॅगेची मूठ धरली.

"ब्याऐंशी," वाघमोडे सर हळूच म्हणाले.

"नापास झालेल्याला वर्गातून घालवत नाहीत. त्याच वर्गात बसवून त्याच्याकडून करून घेतात. मला चौदाव्या मजल्यावर नेऊन काय होईल? उठल्यावर अंधारी तिथेही येईल. मी फक्त तुझ्या फरशीवर पडेन." बाईंनी पदर सारखा केला. "हे माझं म्हणणं. आता तू म्हणशील ते. बॅग कुठे आहे?"

उदयकाका दारात उभे होते, एक हात बॅगेच्या मुठीवर.

आणि मग वाघमोडे सर म्हणाले, "मी पण पडलो."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"पायरीवरून उतरलो नाही. पडलो. शिट्टी वाजवत उलटा चालत होतो." त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. "सुनेला सांगितलं दारात बोट अडकलं."

"हात मोडला ना पण तुमचा?" चिवटे बाई म्हणाल्या.

"मोठं दार सांगितलं."

चिवटे बाईंनी एक उसासा सोडला. "मी बसले नव्हते. मीही पडलेच. तीनदा."

"फरशी कोरडी होती," ढगे गुरुजी म्हणाले.

त्या सकाळी आठ मिनिटांत आमच्या कॉलनीत सतरा माणसं पडली. मी वही काढून लिहून घेतलं. डोळे पुसत पुसत लिहिल्यामुळे तेवढं एक पान खराब आलंय.

आई एव्हाना बाईंच्या खुर्चीपाशी खाली बसली होती. "बाई, बीपीची गोळी चालू आहे ना? वाढवली का मध्ये?"

"जूनमध्ये. एकाच्या दोन केल्या."

"आणि अंधारी कधीपासून येते?"

बाई बोटांवर महिने मोजत मागे गेल्या आणि जूनपाशी थांबल्या. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंना ते मांडून दाखवायची गरज नव्हती.

आईने घरून बीपीचं मशीन आणलं. बाईंना आडवं झोपवून मोजलं, एकशे अडतीस. उभं करून मोजलं, एकशे चार. "हे डॉक्टरांना आजच दाखवायचं," ती म्हणाली. "गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि आपल्या मनाने चालूही ठेवायची नाही." मग ती माझ्याकडे वळली. "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"गुरुवारपासून."

आईने मशीनचा पट्टा गुंडाळला. त्यावर आम्ही घरी गेल्यावर बोललो. म्हणजे तीच बोलली.

उदयकाकांनी बॅगेची मूठ सोडली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि विचारलं, "पुढची परीक्षा कधी?"

"तीन महिन्यांनी घेता येईल," मी नाक ओढत म्हटलं.

"तोपर्यंत काय काय करायचं?"

मी प्रोजेक्टची फाईल उघडून वाचायला लागले. न्हाणीत धरायला दांडा. फरशीवर न घसरणारी जाळी. पायपुसणी काढायची. बाई त्या पायपुसण्यांवरून मात्र भांडल्या. जुन्या साड्यांची, स्वतः विणलेली, अकरा होती. शेवटी काकांनी ती एका बॅगेत भरली आणि चेन लावली. ते चार दिवस राहिले. न्हाणीतला पहिला दांडा त्यांनी तिरका लावला, बाईंनी पट्टी धरून बघितली आणि परत लावायला लावला. डॉक्टरांनी गोळी बदलली. बाई उठायच्या आधी खाटेच्या काठावर बसून पाय हलवायला लागल्या, सावकाश, मोठ्याने आकडे म्हणत.

मी नोटीस बोर्डावरचा निकाल काढून टाकला. त्या जागी वाघमोडे सरांनी व्यायामाच्या वर्गाचं वेळापत्रक लावलं. प्रदर्शनात माझा नंबर आला नाही. पहिला नंबर ज्वालामुखीला मिळाला.

मार्चमधली फेरपरीक्षा बाईंनी अकरा पूर्णांक सहा सेकंदांत दिली. स्टॉपवॉच काकांच्या हातात होतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दहावीच्या गणितासाठी मी रोज सकाळी बाईंकडे जाते. मी त्रिकोणमितीत अडकले होते आणि बाई मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या. धप् असा आवाज आला. मी पळाले. बाई फरशीवर, ओल्या साडीत पाय गुंतलेला. मी वाकले तर त्यांनी पडल्या पडल्याच हात वर केला.

"थांब. लगेच ओढू नकोस."

त्यांनी पायाची बोटं हलवून बघितली. मग हात, मग मान. मला म्हणाल्या, "खुर्ची आण." मी आणली. त्या कुशीवर वळल्या, गुडघ्यांवर आल्या, खुर्ची धरली, एक पाय रोवला आणि उठून बसल्या. आईने शिकवलं होतं तसंच सगळं. मी फक्त खुर्ची धरून ठेवली. बसल्यावर त्यांनी दहा मोजले.

"फोन दे."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि नंबर लावला.

"उदय? ऐक. पडले मी. सव्वाआठला. उठले आठ एकवीसला. हात-पाय सगळं हलतंय, वैभवीची आई येऊन बघेलच. नाही, यायचं काही कारण नाही. सांगायचं म्हणून सांगितलं." मग त्या जरा वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. फोन कानापासून थोडा लांब धरला, परत जवळ घेतला.

"अरे," बाई म्हणाल्या, "रडतोस काय? पडले मी आहे."